पान सतरा

सिनेमात तिघं उलटे लटकतात तारेला,
वटवाघळांसारखे,
आणि हिरवी अक्षरं पडद्यावरून धो धो कोसळतात.
नव्वद सेकंद, म्हणतो नायक. कपाळावर घाम नाही.
मुफद्दल माझ्या शेजारी फस्सकन हसतो,
चुकीच्या जागी. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघतात.

आम्हाला अकरा मिनिटं लागली होती
आणि तार एकही नाही.

मंगळवार, सकाळचे दहा चाळीस.
जेल रोडमागची ती सहकारी बँक,
जिनं सहीशिक्क्यानिशी आम्हालाच पैसे दिले होते
आमचं घर फोडून दाखवा म्हणून.
माझ्या एका हातात प्रिंटरचं खोकं, रिकामं,
दुसऱ्यात पोह्यांची सात पुडकी.
जिरावणाचा वास माझ्याआधी आत शिरलेला.
गळ्यात ओळखपत्र, मुफद्दलनं सियागंजातून
तीस रुपयांत छापून आणलेलं.
फोटो तेवढा माझा होता.

दोन्ही हात भरलेले असले
की इंदुरात कुणीही दार उघडून धरतं.
एवढ्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा आहे.

मांगीलाल चौकसे, वय एकसष्ट,
बंदूक भिंतीला टेकवून उठले,
खांद्यानं दार रेटून धरलं. म्हणाले,
“धीरे, बेटा, तीसरी सीढ़ी हिलती है.”
तिसरी पायरी खरंच हलत होती.

वर सर्व्हरच्या खोलीची किल्ली
खजराण्याच्या गणपतीखाली, खिळ्याला.
पासवर्ड कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.
कानात मुफद्दल: ही नको, ती पांढरी.
हं. आता श्वास घे.
आणि परदेशीपुऱ्यातल्या त्याच्या खोलीत
अख्खी बँक हळूच उकलली, पिस्त्यासारखी.
चार हजार खाती. कुणाची मुलीच्या लग्नाची ठेव,
कुणाचा थकलेला हप्ता, लाल अक्षरांत,
कुणी दर सोमवारी न चुकता शंभर रुपये भरणारं.
आम्ही काही घेतलं नाही.
पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले. मॅनेजरनं दोनदा.
उतरताना तिसरी पायरी मी आठवणीनं टाळली.

अहवाल चाळीस पानी.
पान सतरा: मानवी त्रुटी, मुख्य प्रवेशद्वार.
नाव आम्ही लिहिलं नव्हतं.
वेळ लिहिली होती.
वेळेवरून नाव काढायला
हॅकर लागत नाही.

आता तिथे बोट ओळखणारं दार आहे
आणि एजन्सीचा एक पोरगा,
मोबाइलमधून मान वर न काढणारा.
पायरी तशीच.

पडद्यावर शेवटी सगळे समुद्रकिनारी पोचतात.
वाटणी झालेली. ग्लासांत छत्र्या.
दारावरच्या कुणाचं काय झालं
हे दाखवायला त्यांना वेळ उरलेला नाही.
दिवे लागतात.

स्टँडवर माझी स्कूटर साखळीपलीकडे, तिसऱ्या रांगेत.
टोकन सापडेना. पर्स उलटी केली,
ओढणीचं टोक पाहिलं, मुफद्दलचे खिसेसुद्धा.
गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस टॉर्च घेऊन आला.
उजेड आधी माझ्या हातांवर थांबला,
मग चेहऱ्यावर.
गाडी माझीच आहे, मी म्हणाले, देवाशप्पथ.

“पहचानता हूँ, बेटा,” मांगीलाल म्हणाले.
त्या आवाजात मी राग शोधला. असता तर बरं झालं असतं.
“पर काग़ज़ दिखाओ.”

मुफद्दल फोन उंच धरून नेटवर्क शोधत राहिला.
आजूबाजूच्या गाड्या एकेक करून सुटल्या,
सराफ्याकडे, भुट्ट्याचा कीस खायला.
मी साखळीच्या अलीकडे,
दोन्ही हात रिकामे.